घरातला धंदा आणि नकाशाचा रंग

वऱ्हाडात हिवरखेड नावाचे एकच गाव नाही. एक आहे अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. जुन्या अकोला–खंडवा मीटरगेज मार्गावर या नावाचे स्थानक होते. दुसरे आहे अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यात. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या अंगणांत सारखीच कामे चालतात: भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवून कुरडया घालायच्या, उडदाचे पापड लाटायचे, तिखट कांडायचे. बारा महिने चालणारी शिवणयंत्रे, पिको-फॉल, शिकवण्या, ब्युटी पार्लर आणि पिठाची चक्की हीही दोन्हीकडे आहेत. काम सारखे, माणसे सारखी. पण तेल्हाऱ्याकडचे हिवरखेड आता नगर परिषद झाले आहे आणि मोर्शीकडचे ग्रामपंचायतीचे गाव आहे. त्यामुळे एकाच कामाकडे कायदा दोन नजरांनी पाहतो. जमिनीच्या वापरावरचे निर्बंध घरातून धंदा करणाऱ्याला कुठे अडवतात आणि कुठे अडवत नाहीत, हे या दोन गावांच्या आधाराने नीट मांडता येते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. घरातल्या धंद्याला नियमांची सरसकट बंदी नाही. तो लहान असेपर्यंत नियम त्याला सांभाळून घेतात. तो एक पायरी वर चढू लागला, मोटर आली, एखादी बाई मजुरीने लावली, दारावर पाटी लागली, की अडचण सुरू होते. त्या पायरीवर वीज, कर, नगररचना आणि महसूल ही चार खाती चार वेगळी मापे लावतात आणि त्या मापांचा एकमेकांशी मेळ नाही.

जुन्या वऱ्हाडी गावात हा प्रश्न या रूपात नव्हता. गाव म्हणजे पांढरी, शेत म्हणजे काळी. पांढरीत घर आणि कारखाना एकाच छपराखाली असत. सुताराचा रंधा ओसरीवर चाले, शिंप्याचे दुकान म्हणजे त्याची पडवी. तरीही कामांची वाटणी होतीच. कुंभाराचा आवा धुरासाठी आणि आगीच्या भीतीने वस्तीच्या कडेला असे, त्याला कारण होते. पण कातडे कमावणाऱ्यांची वस्ती वेशीबाहेर असे, आणि तिथे केवळ वासाचे कारण सांगणे खोटे आहे; ती जातीची भिंत होती. जागांच्या वाटणीला पहिल्यापासून ही दोन मुळे आहेत. एक शेजाऱ्याला त्रास होऊ नये हे, दुसरे अमुक माणसे आपल्या शेजारी नकोत हे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराने १९१६ मध्ये वापर-विभागणीचा सर्वंकष नियम केला आणि १९२६ मध्ये युक्लिड गावाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी विभागणी वैध ठरवली. तिथेही ही दोन मुळे एकत्र गुंतलेली होती. म्हणून कोणताही वापर-निर्बंध तपासताना तो नेमका कोणता त्रास टाळतो, हा प्रश्न आधी विचारावा. त्याचे उत्तर मिळाले नाही, तर तो निर्बंध संशयास्पद मानावा.

आपल्याकडे मुंबई प्रांतात १९१५ मध्ये नगररचनेचा कायदा आला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता, त्यामुळे तो इथे लागू नव्हता. इथे जमिनीचा कारभार १९२८ च्या वऱ्हाड जमीन महसूल संहितेने चाले. १९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आला. पुढे १९६६ साली दोन कायदे झाले, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, आणि आजचा सगळा व्यवहार या दोन खांबांवर उभा आहे. पहिला विचारतो: ही जमीन शेतीची की अकृषक, आणि अकृषक असल्यास कोणत्या कामासाठी? दुसरा विचारतो: नकाशात या जागेला रंग कोणता?

पहिला प्रश्न आधी घेऊ, कारण तो तुलनेने सोपा आहे. घर गावठाणात असेल तर अकृषक परवानगीचा प्रश्न येत नाही. शेताचे तुकडे पाडून झालेल्या ले-आउटमध्ये घर असेल तर आदेशावर बहुधा 'निवासी अकृषक' असे लिहिलेले असते. अशा भूखंडावर दुकान किंवा कारखाना चालवणे म्हणजे दिलेल्या कामाहून वेगळा वापर, आणि संहितेच्या कलम ४५ नुसार त्याला दंड आहे. ही चौकट पायरीपायरीने सैल होत आली आहे. २०१७ मध्ये घातलेल्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, ठरलेला कर भरल्यावर, निवासी किंवा प्रादेशिक योजनेत चालणाऱ्या वापरासाठी रूपांतरित झाली असे मानले जाते. मोर्शीकडच्या हिवरखेडसारख्या गावांना याचा मोठा आधार आहे, कारण तिथली नवी वस्ती याच २०० मीटरच्या पट्ट्यात वाढते. विदर्भातल्या शहरांत मात्र नझूल जमिनीचा वेगळा पेच आहे. अकोला, अमरावती यांसारख्या ठिकाणी अनेक घरे सरकारी पट्ट्यावर उभी आहेत. पट्टा निवासासाठी दिलेला असेल आणि पुढच्या खोलीत दुकान निघाले, तर तो शर्तभंग ठरतो आणि पट्ट्याच्या नूतनीकरणाच्या वेळी तो पुढे येतो. पन्नास वर्षे कोणी काही बोलले नाही, हे तिथे उत्तर होत नाही.

दुसरा प्रश्न, नकाशाच्या रंगाचा, अधिक खोल आहे. मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या राज्याला डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. निवासी विभागात, अगदी अरुंद रस्त्यावरच्या घरातही, ती रूढ घरगुती व्यवसायांना परवानगी देते. अट अशी की काम घरातल्या माणसांनी करावे, मजूर लावू नये, आणि मोटर वापरलीच तर एकूण भार ०.७५ किलोवॉट म्हणजे एक अश्वशक्तीच्या आत असावा. शिवण, भरतकाम, बटणे करणे ही तिथली ठराविक उदाहरणे. डॉक्टर, वकील यांसारख्यांनाही राहत्या घरात मर्यादित जागेत व्यवसाय करता येतो. नगर परिषदांसाठी आधी असलेल्या प्रमाणित नियमावलीत याहून कडक अटी होत्या: घरात धंदा चालतो असे बाहेरून दाखवणारी खूण नको आणि घरात तयार न झालेली वस्तू तिथे विकायची नाही. १९६६ च्या अधिनियमातही वापरात भरीव बदल करणे हा 'विकास' मानून त्याला परवानगी लागते, आणि परवानगीशिवाय बदल केल्यास नोटीस आणि खटल्याची तरतूद आहे. पण राहत्या घराच्या आनुषंगिक कामासाठी लगतची जागा वापरण्यास मोकळीकही ठेवलेली आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे घरात काम करणारे कुटुंब होते, फक्त ते कुटुंब एका शिवणयंत्राएवढे होते.

एक अश्वशक्तीची ही रेघ आज कुठे येऊन टेकते ते पाहा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही मिनी दाल मिल' विकसित केली. तूर पिकवणाऱ्या गावातच डाळ भरडली जावी, बचत गटांना आणि तरुणांना तो उद्योग मिळावा, हा तिचा हेतू. वऱ्हाडाच्या गरजेतून निघालेले इतके नेमके यंत्र दुसरे क्वचितच असेल. पण एक अश्वशक्तीत भागणारे हे यंत्र नाही, आणि हंगामात ते दोन हातांनी चालत नाही. त्यामुळे नगर परिषदेच्या हद्दीत ते बसवले की तो रूढ घरगुती व्यवसाय उरत नाही. तो सेवा उद्योगाच्या वर्गात जातो, आणि त्या वर्गाला पहिला प्रश्न असतो रस्त्याच्या रुंदीचा. जुन्या वस्तीतल्या बोळात राहणाऱ्या बाईला रस्ता रुंद करता येत नाही. एका सरकारी संस्थेने तिच्यासाठी यंत्र घडवले आणि दुसऱ्या सरकारी नियमाने ते तिच्या घराबाहेर ठेवले, आणि दोघांपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता. हे मला या विषयातले सर्वांत दुःखद वास्तव वाटते.

याच घरात आता विजेचे माप लावून बघू. महावितरणसाठी वीज नियामक आयोगाने काढलेल्या दर-आदेशात एक चांगली तरतूद आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. घराच्या काही भागातून व्यवसाय करणाऱ्या ग्राहकाचा वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर त्याला निवासी दरच लागतो. वर्ग बदलावा लागत नाही. वर्षाअखेरीस वापर तपासला जातो आणि मर्यादा ओलांडली असेल तर पुढे व्यावसायिक किंवा औद्योगिक दर. हिशेब करून पाहा: तीन अश्वशक्तीची मोटर म्हणजे साधारण सव्वादोन किलोवॉट. ती रोज दोन तास, महिन्यातून २५ दिवस चालवली तर ११२ युनिट होतात. त्यात घरातले दिवे, पंखे, फ्रीज धरले तरी आकडा ३०० च्या आत राहू शकतो. वाढीव मंजूर भार घ्यावा लागेल, पण दराच्या हिशेबाने हे घरच आहे. नगररचनेच्या हिशेबाने मात्र तिप्पट मर्यादा ओलांडली. वीज आयोग किती वापरले ते मोजतो, नगररचना किती वापरू शकता ते मोजते. शेजाऱ्याच्या दृष्टीने बोलायचे तर दिवसातून दोन तास चालणारी तीन अश्वशक्तीची मोटर दिवसभर घरघरणाऱ्या एक अश्वशक्तीच्या मोटरीपेक्षा सुसह्य असू शकते. म्हणून वीज आयोगाचे माप मला अधिक शहाणे वाटते. ज्याला हे माहीत नाही त्याची मात्र मोठी कोंडी होते: तपासणीत मर्यादेबाहेरचा व्यावसायिक वापर निवासी मीटरवर सापडला, तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ नुसार लागू दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि गैरवापर कधी सुरू झाला ते ठरवता आले नाही तर मागच्या १२ महिन्यांची.

कराचे माप आणखी तिसरे. ग्रामपंचायतीत घराचा कर भांडवली मूल्यावर बसतो आणि त्यात वापराचा भारांक असतो: निवासी १, औद्योगिक १.२०, वाणिज्यिक १.२५. मोर्शीकडच्या हिवरखेडात पुढची खोली दुकान झाली तर तेवढ्या भागाला सव्वापट. हा भार जड नाही आणि ग्रामपंचायतीला तो सहज लावता येतो. नगर परिषदेत कराची आकारणी सहसा भाडेमूल्यावर होते, दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, आणि व्यावसायिक जागेचे भाडेमूल्य निवासी जागेपेक्षा बरेच जास्त धरले जाते. गावाचे शहर झाल्यावर पहिली कळ इथेच लागते. इथे एक भ्रम मात्र मोडायला हवा. व्यावसायिक कर भरला म्हणजे व्यावसायिक वापर अधिकृत झाला असे नाही. तीच गोष्ट दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या नोंदीची, ज्याला लोक अजून गुमास्ता म्हणतात, तीच उद्यम नोंदणीची आणि अन्नसुरक्षेच्या नोंदणीची. ही सगळी कागदपत्रे धंदा कोण करतो आणि काय करतो ते सांगतात. तो त्या जागेत करता येतो का, याबद्दल ती गप्प असतात. चारही कागद भिंतीवर लावलेला माणूस निर्धास्त असतो आणि त्याला नोटीस येते ती पाचव्याच कार्यालयाकडून. गॅसचेही तसेच. १४.२ किलोचे घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायला बंदी आहे, मग तो धंदा स्वयंपाकघराच्या त्याच ओट्यावर का चालेना.

या सगळ्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे, तिचा नकाशाशी संबंध नाही. धंदा बाईचा आणि घर सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर. कर्ज, मीटरचा भार वाढवणे, वापर बदलाचा अर्ज, सगळीकडे मालकाची सही लागते. भाड्याचे घर असेल तर घरमालकाची. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतजमीन घरच्या बाईच्या नावावर करण्याची हाक दिली. गावठाणातल्या घरासाठी तेवढ्या जोराची हाक कोणी दिली नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. मिळकत पत्रिका त्याहून भक्कम. ती तयार होते आहे तेव्हाच तिच्यावर दोघांची नावे लागावीत. एकदा एकट्याचे नाव छापले गेले की बदलायला पिढी जाते.

निर्बंध उठवा, एवढे म्हणून हा प्रश्न सुटणार नाही. भिवंडी, मालेगावच्या बोळांत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या मुलांना विचारा. तिखटाच्या डंकाशेजारी दम्याचा रुग्ण राहत असेल, कापसाच्या गाद्या भरणाऱ्या खोलीवर भाडेकरू झोपत असतील, तर त्यांचाही हक्क आहे. दिल्लीत नेमके काय झाले ते आठवा. निवासी भागांत वर्षानुवर्षे धंदे वाढू दिले, नकाशा मात्र जुनाच ठेवला. १६ फेब्रुवारी २००६ रोजी एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवासी जागांच्या गैरवापरावर कारवाईचा आदेश दिला आणि दुकानांना सील लागू लागले. व्यापारी रस्त्यावर उतरले. अखेर फेब्रुवारी २००७ मध्ये अधिसूचित झालेल्या दिल्लीच्या बृहत् आराखड्याने मिश्र वापराचे रस्ते आणि घरगुती उद्योग यांना जागा दिली. जे आधी करायचे ते सील लागल्यानंतर झाले.

दोन वाटा मला व्यवहार्य दिसतात. पहिली, कामाची विभागणी करण्याची. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड उभे राहिले. त्या संस्थेची रचना जागेच्या दृष्टीने फार विचार करण्यासारखी आहे. पीठ केंद्रावर मळले जाते, बायका ते घरी नेऊन लाटतात, वाळवतात आणि पापड केंद्रावर परत आणतात. यंत्र, साठा, वजनकाटा, गिऱ्हाईक, पाटी आणि गाडी केंद्रावर. घरात फक्त हात आणि स्वच्छ जागा. या घराला कोणत्याही नियमावलीची हरकत येत नाही. वऱ्हाडात डाळीसाठी हेच करता येईल. भरडणे सामाईक शेडमध्ये, निवडणे आणि पाकिटे भरणे घरी. नगर परिषदेने विकास आराखड्यात बाजार आणि शाळा यांच्याप्रमाणे अशा सामाईक कामशेडसाठी प्रभागात एकेक जागा राखली, तर एक अश्वशक्तीची अट कोणाच्या पोटावर येणार नाही.

दुसरी वाट अटींची भाषा बदलण्याची. निवासी की व्यावसायिक असे विचारण्याऐवजी आवाज किती, धूर किती, सांडपाणी कुठे जाते, किती गाड्या दारात थांबतात, आगीचा धोका काय, असे विचारावे. याची मापे आपल्याकडे आहेतच. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळणाऱ्या घरात मोटर दोन अश्वशक्तीची आहे की तीन, आणि कामाला जाऊ येते की शेजारीण मजुरीने येते, यात नियमाने पडण्याचे कारण मला दिसत नाही. मजूर न लावण्याची अट तर मला सर्वांत अन्यायाची वाटते. ती शेजाऱ्याचा कोणताही त्रास टाळत नाही; धंदा वाढल्यावर एका गरीब बाईला मिळणारे काम तेवढे ती रोखते.

या दोन्ही वाटा राज्याच्या पातळीवर मोकळ्या व्हायला वेळ लागेल. तेल्हाऱ्याकडच्या हिवरखेडासमोर मात्र एक जवळची संधी आहे. नगररचना अधिनियमानुसार नव्याने स्थापन झालेल्या नियोजन प्राधिकरणाने तीन वर्षांच्या आत विकास आराखड्याचा इरादा जाहीर करायचा असतो. इरादा जाहीर झाल्यावर सहा महिन्यांत, कलम २५ नुसार, गावाचे सर्वेक्षण करून विद्यमान जमीन वापराचा नकाशा करायचा असतो. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती आणि सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. लोक जागे होतात ते शेवटच्या टप्प्यावर, आपल्या जागेवरून रस्ता गेला की नाही ते पाहायला. घरातल्या धंद्याचा निकाल त्याआधीच, विद्यमान वापराच्या नकाशात लागलेला असतो. सर्वेक्षक बाहेरून पाहतो. दार घराचे, खिडकी घराची, तो पिवळा रंग भरतो आणि पुढे जातो. आत तीन शिवणयंत्रे आहेत, मागच्या खोलीत शेवयांचे यंत्र आहे, हे त्या पिवळ्या रंगात कुठेच येत नाही. निळा रंग मुख्य रस्त्यावरच्या दुकानांना मिळतो, जांभळा कारखान्यांना. आणि जे विद्यमान म्हणून नोंदले गेले नाही, त्यासाठी पुढच्या वीस वर्षांच्या आराखड्यात जागा ठेवण्याचे कारण कोणाकडे उरत नाही.

म्हणून हिवरखेडच्या घरगुती उद्योजकांना, बचत गटांना आणि त्यांच्या नगरसेवकांना माझी विनंती आहे. सर्वेक्षण सुरू होण्याआधी प्रभागवार एक साधी यादी करा: कोणत्या घरात कोणते काम चालते, किती हात, किती अश्वशक्ती, दिवसातून किती तास, रस्ता किती रुंद. ती मुख्याधिकाऱ्यांकडे आणि नगररचना कार्यालयाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. कर वाढेल या भीतीने नाव लपवू नका. लपवलेल्या धंद्याला आराखड्यात हक्क मागता येत नाही. प्रारूप आराखडा आला की ३० दिवसांच्या आत, त्या यादीचा आधार देऊन, अरुंद रस्त्यांवरच्या घरगुती उद्योगांसाठी आणि सामाईक कामशेडसाठी लेखी सूचना दाखल करा, आणि सुनावणीला स्वतः हजर राहा.